म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आलाप लिहायचा आहे. दर चार मात्रांना येणारी उभी रेघ कशी काढू?

गुरुजींच्या कॅसेटवरचा आलाप तुम्ही स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत, उतरवताय आणि ताल नसतानाही रेघा पडतायत, हे वाचून लगेच लिहायला बसले. मी नाशकात, पंचवटीत व्हायोलिन शिकवते आणि हेच काम करते.

नुसती रेघ घालवणं सोपं आहे. 'स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीज' उघडून 'शो बारलाइन्स' आणि 'शो टाइम सिग्नेचर' यांवरच्या खुणा काढा, 'स्टेमलेस'वर करा. स्वरांच्या दांड्या गेल्या की वाजवणारा मात्रा मोजत नाही. ठहरावाचे स्वर मी पोकळ गोळ्याने लिहिते, बाकीचे भरीव.

पण आत ४/४ ची मापं तशीच राहतात आणि लांब स्वर मध्येच तुटतो. म्हणून 'मेझर (माप) प्रॉपर्टीज'मध्ये 'अ‍ॅक्चुअल' लांबी ऐसपैस ठेवा, २०/४ चालेल. त्यात एका दमाचा आलाप लिहा. शेवटी उरलेला विराम निवडून 'स्प्लिट मेझर' करा, तो रिकामा तुकडा निवडून कंट्रोल-डिलीट. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतले स्वरविस्तार आठवा, तिथे जागोजागी स्वल्पविराम आहेत. तुमची लपलेली रेघ अशाच जागी पडू द्या. मी तिथे ब्रेथ मार्क, म्हणजे श्वासाची खूणही लावते, तेही स्वल्पविरामासारखंच दिसतं.

आता ज्याने मला फसवलं ते. ललत राग लिहिला होता, सा म्हणजे सी, म्हणून मध्यम म्हणजे एफ. एका दमाच्या शेवटी तीव्र मध्यम आणि धैवत. पुढचा दम थेट शुद्ध मध्यमाने उचललेला. सॉफ्टवेअरच्या हिशेबी मध्ये रेघ आहे, म्हणजे एफचा शार्प तिथे संपला, म्हणून त्याने नॅचरल, म्हणजे शुद्ध स्वराचं चिन्ह, छापलंच नाही. कागदावर मात्र रेघ नाही. माझ्या विद्यार्थिनीने पुन्हा तीव्रच लावला, आणि समोरचं पान बघता तिचं बरोबरच होतं. दोन मध्यमांवर तर ललतचा सगळा जीव! तेव्हापासून ज्या स्वराची दोन्ही रूपं लागतात, त्याला प्रत्येक दमात पहिल्यांदा येताना पॅलेटमधून हाताने चिन्ह देते, शुद्ध असला तरी. छापण्याआधी एवढं एक नक्की तपासा.

म्यूझस्कोअरऐवजी डोरिको हे सॉफ्टवेअर असेल तर शिफ्ट-एम दाबून एक्स लिहा, 'ओपन मीटर', म्हणजे ठरावीक मापांविना लिहिणं, मिळेल.

आणि म्यूझस्कोअरमध्ये ओळ कुठे तोडायची हे सॉफ्टवेअरवर सोडू नका. षड्जावर येऊन थांबलात की ते माप निवडून एंटर दाबा. पुढचा दम नव्या ओळीवर जाईल.