ट्रायलचा विचार करताय? आधी बायोप्सीचा कागद काढा

ताई, बाबांच्या मेसोथेलिओमासाठी (फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) डॉक्टरांनी ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी, सुचवली म्हणून घाबरू नका. आज दिली जाणारी निवोलुमॅब-इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या) औषधांची जोडीही ट्रायलमधूनच आली. 605 रुग्णांच्या त्या अभ्यासात निम्मे रुग्ण केमोवर किमान 14.1 महिने जगले, या जोडीवर 18.1 महिने. आजार बरा झाला नाही, पण चार महिने म्हणजे काय ते आपल्यासारख्या घरांनाच कळतं.

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'एपिथेलिऑइड' लिहिलंय की 'सार्कोमॅटॉइड', ते बघा; हे या कॅन्सरच्या पेशींचे प्रकार आहेत. फायद्याचा अंदाज त्यावर बदलतो. आणि पहिली केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना ट्रायलचं विचारा. कित्येक ट्रायल उपचार न झालेल्यांनाच घेतात, एक सायकल झाली की दार बंद. भारतातल्या ट्रायल सीटीआरआय (CTRI) या देशातल्या ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत फुकट शोधता येतात.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, पेन्सिलीने खुणा करत वाचा. नवं औषध न मिळणाऱ्या दुसऱ्या गटाला काय मिळणार? जादा स्कॅनचा खर्च कुणाचा? गाडीभाडं? संकोच न करता विचारा. ट्रायलमुळे इजा झाली तर 2019 च्या सरकारी क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार भरपाई मिळते. सही केल्यावरही बाबा कधीही बाहेर पडू शकतात. त्यांना दम लागत असेल तर प्रवास झेपेल का, हे मात्र आधी त्यांनाच विचारा.