लेक्सन आणि लेक्सिकन एकच का? आणि लेक्सन कुठे वापरतात?

नाही हो, दोघांचा काही संबंध नाही, फक्त स्पेलिंग जवळजवळ सारखं दिसतं म्हणून गोंधळ होतो. लेक्सिकन म्हणजे शब्दकोश किंवा एखाद्या भाषेतला सगळा शब्दसाठा.

लेक्सन हे पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचं ब्रँडनेम आहे, १९५३ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये शोध लागला, जर्मनीत बायर कंपनीनेही त्याच वेळी तेच बनवलं, त्यांच्या प्लास्टिकचं नाव मॅक्रोलॉन. दिसायला काचेसारखं आरपार पण हातोडी मारली तरी सहसा फुटत नाही, फार तर पोचा पडतो, म्हणून सेफ्टी गॉगल, पोलिसांच्या ढाली, हेल्मेटची पुढची काच, पारदर्शक छपराचे पत्रे, सगळीकडे हेच. अपोलोच्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचा तो गोल पारदर्शक हेल्मेटही पॉलीकार्बोनेटचाच होता, आणि सीडी-डीव्हीडी पण.

एकच भानगड, ओरखडे पटकन उठतात. कोरड्या फडक्याने घासू नका, साबणाचं पाणी आणि मऊ कापड वापरा, आणि अ‍ॅसिटोन तर अजिबात लावू नका, पांढरट होऊन तडे जातात. उन्हात लावायचं असेल तर यूव्ही कोटिंगवालंच घ्या, नाहीतर पिवळं पडतं.