जुनी हार्डडिस्क कटकट आवाज करते. फुकट सॉफ्टवेअर वापरून एसएसडीवर क्लोन करायची आहे. आधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) मारू का?

अजिबात मारू नका. आजारी डिस्कवर आधी चेकडिस्क चालवायला सांगणाऱ्याच्या हातात मी माझी डिस्क कधीच देणार नाही.

सांगलीत माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं एकाच पीसीवर. ऐन लग्नसराईत फाइल सेव्ह करताना मशीन गोठायला लागलं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळा 'कॉशन', आणि करंट पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे वाचायला अडणाऱ्या जागांचा, आकडा वाढतच होता. माझा मावसभाऊ पीसी रिपेअरिंग करतो. तो आला आणि थेट चेकडिस्क टाइप करायला लागला. मी म्हटलं, "दादा, एंटर दाबू नकोस." तो म्हणाला, "फुकटच्या सॉफ्टवेअरवर मामांचा धंदा लावतोस का?"

मामांनी माझं ऐकलं. डिस्क काढून माझ्या पीसीला साटा केबलने जोडली, पीसी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालू केला आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारं फुकट सॉफ्टवेअर सुरू केलं. ते नीट वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडकलेली जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत तिथे येतं. कुठपर्यंत काम झालं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. ही फाइल दुसऱ्या चांगल्या डिस्कवरच ठेवा, नाहीतर पेनड्राइव्हवरचं लिनक्स बंद झालं की ती जाते. रात्री लाइट गेली. परत आल्यावर त्याच मॅपफाइलवरून काम पुढे सुरू झालं. मामांच्या सगळ्या पत्रिका उघडल्या.

दादा अजून म्हणतो, चेकडिस्कनेही झालं असतं. दादा, दुरुस्ती करायला सांगितलं की चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहितं. तुटलेल्या नोंदी छाटतं, आणि मूळ स्थिती पुन्हा मिळत नाही. शिवाय बॅड सेक्टर शोधायला सांगितलं की अख्खी डिस्क घासून काढतं. तेच नक्कलेवर चालवलं आणि बिघडलं, तर दुसरी नक्कल काढता येते. मामांच्या नक्कलेवर मी ते चालवलंच.

तुमचं म्हणाल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो बघा. डिस्क ठणठणीत असेल तर क्लोनझिला हे फुकटचं क्लोन सॉफ्टवेअर पुरेसं आहे, त्याच्या काळ्या स्क्रीनचा कंटाळा असेल तर माउसने चालणारं रेस्क्यूझिला घ्या. मॅक्रियम रिफ्लेक्ट या क्लोन सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती बंद झाली, तिच्यामागे लागू नका. क्लोनझिलाला नवी डिस्क निदान जुनीएवढी लागते. ५०० जीबीच्या जागी ४८०ची एसएसडी आणलीत तर ते अडतं, मग आधी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) लहान करायचा खटाटोप. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा.

एक राहिलं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. आणि डिस्क बायोसमध्येच (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नसेल किंवा ठकठक थांबतच नसेल, तर डीडीरेस्क्यूही नको. मशीन लगेच बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरी लॅबला द्या.