कुस्कोत शिकायला गेल्यावर इन्कांचे अवशेष आणि तिथले बाजार कसे बघावेत?

तुम्ही विचारलं आहे की, एका सत्रासाठी स्पॅनिश शिकायला पेरूतल्या कुस्कोला जाणार आहे, तर तास सांभाळून इन्कांचे, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्यांचे, कोणते अवशेष बघावेत आणि बाजारासाठी वेगळा वेळ काढावा का?

मी तिथे एक सत्र राहिले आहे. बाजारासाठी वेळ जरूर काढा, आणि माझं ऐकाल तर सुरुवातच बाजारापासून करा. अवशेष शेकडो वर्षं जागेवर आहेत, आणखी पंधरा दिवस थांबतील. शिवाय पहिल्या आठवड्यात चढण झेपतही नाही. कुस्को सुमारे 3,400 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पहिल्या दिवशी घराचे दोन जिने चढताना मला तीनदा थांबावं लागलं होतं. घरमालकीणबाईंनी कोकाच्या पानांचा चहा दिला आणि सांगितलं, हळू चाला, कमी जेवा, लवकर झोपा. तेच करा.

सान पेद्रोचा बाजार शहरातच, मुख्य चौकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. माझे तास दुपारी एकला सुटायचे आणि मी थेट तिथे जेवायला जायची. एक गाळा धरा आणि रोज तिथेच जा. आपण भाजीवाल्या मावशी म्हणतो तसं तिथे विकणारीला 'कासेरा' म्हणतात, आणि ओळख झाली की तीही तुम्हाला 'कासेरिता' म्हणायला लागते. मग 'यापा' मिळतो. हा मूळ इन्कांच्या केचुआ भाषेतला शब्द, अर्थ वरचं, जास्तीचं. आपल्याकडे भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतात तसंच. रसाचा पेला संपला की भांड्यात उरलेला रस परत पेल्यात ओततात. वर्गात चार आठवडे शिकून जमलं नाही तेवढं स्पॅनिश मी त्या बाकावर बसून बोलायला शिकले.

तिथेच एका आजींच्या पुढ्यात मला सुपारीएवढे, काळपट, सुरकुतलेले खडे दिसले. दगडच वाटले. एक उचलून तळहातावर घेतला तर वजनच नाही. तो बटाटा होता. त्याला 'चुन्यो' म्हणतात. माझं स्पॅनिश तोकडं पडतंय हे बघून आजी उठल्या आणि जमिनीवर पाय दाबत जागच्या जागी नाचल्यासारखं करून दाखवू लागल्या. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात. असं काही दिवस करून वाळवले की ते वर्षानुवर्षं टिकतात.

दोन आठवड्यांनी कुस्कोजवळच्या ओयांताइताम्बो या इन्काकालीन गावाला गेले तेव्हा या चुन्योचं महत्त्व कळलं. तिथे सगळे तिकीट काढून समोरच्या भव्य पायऱ्या चढतात. तुम्हीही चढा, पण आधी गावाच्या दुसऱ्या अंगाच्या पिंकुइयुना डोंगरावर जा. मी गेले तेव्हा तिथे तिकीट नव्हतं. उतारावर, वारा खेळेल अशा उंचीवर लांबट दगडी खोल्या आहेत. ती इन्कांची कोठारं, 'कोल्का'. इन्कांच्या राज्यात 'मिता' म्हणजे कामाची पाळी असायची. प्रत्येक घराने ठरावीक दिवस राज्याच्या कामाला द्यायचे आणि त्या दिवसांत त्यांच्या पोटाची सोय राज्याने करायची. मका, चुन्यो या कोठारांतून निघायचा. शेजारी एकमेकांच्या शेतात राबतात त्याला 'आय्नी' म्हणतात. ती अगदी आपली सावड, आणि ती आजही चालते.

आता समोरच्या पायऱ्या चढा. वर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडे, समोरच्या डोंगरावर. वाटेत काही शिळा अर्ध्यावरच पडून राहिल्या, त्यांना तिथले लोक 'थकलेले दगड' म्हणतात. मी त्यातल्या एकीला टेकून बसले होते आणि डोक्यात आजींचे ते तुडवणारे पाय होते. शिळा ओढणाऱ्यांच्या पोटात तोच बटाटा असणार.

कुस्कोतलं कोरिकांचा चुकवू नका. सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी मठ बांधला. 1950 च्या भूकंपात मठ बराच ढासळला, खालच्या इन्का भिंती मात्र उभ्या राहिल्या. मी कोकणातली, बिनमातीचे गडगे बघत वाढले. पण दोन दगडांच्या फटीत नखही शिरू नये अशी जोडणी मी दुसरीकडे पाहिली नाही. प्रचंड दगडी तटांचं साक्सायवामान शहराच्या डोक्यावरच आहे, तिथे संध्याकाळी जा.

पिसाक गावाच्या डोंगरावर इन्कांचे अवशेष आहेत, तिथे गाडीने वर जा आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून चालत खाली बाजारात उतरा. ते दगडी बांध दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती ऊब पिकाला देतात. खालचा बाजार आता बराचसा पर्यटकांचा झाला आहे. रविवारी चिंचेरो या विणकरांच्या गावाला गेलात तर जास्त मिळेल. तिथल्या बायका निवडुंगावरचा किडा तळहातावर चिरडून लाल रंग काढतात आणि वर लिंबू पिळून तोच केशरी करून दाखवतात. विणलेला पट्टा घेताना फार घासाघीस करू नका, त्यात कित्येक दिवसांची मेहनत असते. फोटोही विचारूनच काढा.

यातल्या बऱ्याच ठिकाणांना 'बोलेतो तुरिस्तिको' हे एकत्रित तिकीट चालतं, विद्यार्थ्यांना सवलतही आहे. पण पूर्ण तिकीट फक्त 10 दिवस चालतं, म्हणून आल्या आल्या काढू नका. सलग सुट्टी असेल तेव्हा काढा. कोरिकांचा आणि माचू पिचू त्यात येत नाहीत. माचू पिचूचं तिकीट मात्र महिने आधी घ्या आणि तिथे सत्राच्या शेवटी जा.

एक महत्त्वाचं: कोकाची पानं किंवा त्या चहाच्या पुड्या भारतात आणू नका, इथे त्यावर कायद्याने बंदी आहे.

तुमचे तास सकाळी आहेत की दुपारी ते कळवा, म्हणजे आठवड्याचा क्रम लावून देते.