बीसीएल-२ पॉझिटिव्ह म्हणजे घाबरायचं का?

मामांच्या मानेतल्या गाठीची बायॉप्सी झाली, फॉलिक्युलर लिम्फोमा (बी-पेशी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) निघाला, रिपोर्टमधे ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ (म्हणजे बीसीएल-२ जीनपासून बनणारं प्रोटीन पेशींत सापडलं) दिसलं आणि नेटवर ‘पेशी मरण्याचं जीन’ वाचून तुम्ही विचारताय की हे आता आम्हा भाच्यांनाही येणार का. त्या जीनमुळे तरी नाही. हा बदल आयुष्यात कधीतरी मामांच्या एका बी-पेशीत झालाय, तो रक्ताच्या नात्यातून उतरत नाही.

आणि बीसीएल-२ पेशीला मारत नाही हो, उलट मरू देत नाही! पेशी बिघडली की बॅक्स नि बॅक ही प्रोटीनं मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या वीजघराला, भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम सी हे प्रोटीन बाहेर येतं, मग कॅस्पेस एन्झाइम्स पेशीचे तुकडे करतात. बीसीएल-२ त्या बॅक्स-बॅकला धरून ठेवतं. या लिम्फोमात बहुतेकदा १८ नंबरच्या क्रोमोसोमवरचं हे जीन तुटून १४ वर अँटीबॉडीच्या जीनशेजारी जाऊन बसतं, आणि बी-पेशीत ती जागा कायम जोरात चालू, त्यामुळे बीसीएल-२ भरमसाट बनतं आणि मरायला हवी ती पेशी टिकून राहते. १९८८ पर्यंत कॅन्सरचं जीन म्हणजे पेशी भराभर वाढवणारं असंच धरून चालायचे, त्या वर्षी डेव्हिड वॉक्सच्या टीमने दाखवलं की हे वाढवत नाही, नुसतं जगवतं. म्हणूनच हा आजार बऱ्याचदा वर्षानुवर्षं हळू चालतो. गंमत म्हणजे हीच तुटफूट धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडते आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही, कारण कॅन्सर व्हायला आणखी बिघाड लागतात.

मी हिस्टोपॅथ लॅबमधे (जिथे बायॉप्सीचे तुकडे तपासतात) बरीच वर्षं काढलीत, तिथे हा शब्द वाचून रडणारे नातेवाईक पाहिलेत. अहो, आपल्या निरोगी टी-पेशीही (त्याही पांढऱ्या पेशीच) बीसीएल-२ पॉझिटिव्हच असतात! लिम्फच्या गाठीतल्या जर्मिनल सेंटरच्या (बी-पेशी वाढतात त्या जागेच्या) पेशी एरवी निगेटिव्ह असतात, इथे त्या पॉझिटिव्ह आल्या म्हणून निदान पक्कं झालं, बाकी त्या शब्दावरून आजार किती वाईट ते ठरत नाही. त्यासाठी ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) आणि स्टेज (आजार किती पसरलाय) बघा.

घराण्यात उतरणारं म्हणाल तर टीपी-५३ या जीनमधल्या बिघाडाचं ली-फ्रॉमेनी सिंड्रोम (कॅन्सरचा धोका वाढवणारा आजार) असतं, ते दुर्मिळ आणि वेगळं प्रकरण.

व्हेनेटोक्लॅक्स हे बीसीएल-२ वरचं औषध २०१६ मधे अमेरिकेत सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, फॉलिक्युलरमधे एकट्याने तेवढं चाललं नाही, तेव्हा ‘तेच द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद घेऊन फिरू नका, लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायॉप्सीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या.