गाव अजून 40 लाखच मोजतंय

"मावशी, महिन्यापूर्वी यांना राज्य लॉटरीचं 40 लाखांचं बक्षीस लागलं. कापून 28 लाख आले. धाकट्या दिरांना बोअर आणि ट्रॅक्टरसाठी 6 लाख हवेत. जावेचा भाऊ पतसंस्थेत ठेव ठेवा म्हणून मागे लागलाय. हे एसटीतली नोकरी सोडून हॉटेल काढायचं म्हणतात, आणि आता दर आठवड्याला दोन हजारांची तिकिटं आणतात. सख्ख्या बहिणीने फोन करणं सोडलंय. मला झोप लागत नाही."
— एक वाचक, सांगली जिल्हा

अगं, एवढं बक्षीस लागलं आणि तुझ्या पत्रात आनंदाची एक ओळ नाही, याचंच मला फार वाईट वाटलं. केरळात 2022 साली ओणम बंपरचे 25 कोटी एका रिक्षाचालकाला लागले. आठवडाभरातच तो रडकुंडीला आला. सकाळपासून दारात मागणाऱ्यांची रांग, स्वतःच्या घरात राहायची चोरी. बक्षीस लागलं नसतं तर बरं, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. तेव्हा तुझी झोप उडाली यात तुझं काही चुकलेलं नाही.

आधी हिशेब. 30 टक्क्यांप्रमाणे प्राप्तिकराचे 12 लाख कापले गेले, पण त्यावरचा 4 टक्के उपकर कापलेला नसतो. ते 48,000 रुपये तुम्हालाच भरायचेत. याच आठवड्यात सीएकडे जा.

उरलेली रक्कम दोघांच्या सहीने सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका, आणि तीही सहा बँकांत विभागून. ठेवीला विमा असतो तो एका बँकेत माणशी 5 लाखांपर्यंतच. पतसंस्थेतल्या ठेवीला तर तेवढाही नाही, त्यामुळे जावेच्या भावाला सरळ नाही म्हण. मग दारात कोणी आलं की "पैसे ठेवीत अडकलेत" हे खरंखुरं सांगता येईल. खोटं बोलायला लागलं की माणूस आतून थकतो, आणि तू आधीच थकली आहेस.

दिराची गरज खरी असेल. बोअर आटली की शेतकऱ्याचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. पण 6 लाख हा आकडा त्यांनी 40 लाख मनात धरून काढलाय. सहा महिन्यांनी तुम्ही दोघं बसून आकडा ठरवा, परत आला नाही तरी मनात राहणार नाही एवढाच. आणि जे द्याल ते खात्यावर द्या. 20,000 किंवा त्याहून जास्त उसनी रक्कम रोख घेणं कायद्यातही बसत नाही.

मला खरी काळजी वाटते ती त्या तिकिटांची. आठवड्याला दोन हजार म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. एकदा लागलं म्हणून पुन्हा लागेल असं काही नसतं, पण लागलेल्या माणसाला ते पटत नाही. भांडू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर महिन्याभराची फुकट गेलेली तिकिटं पाटावर मांड आणि बेरीज त्यांनाच करायला लाव. हॉटेल काढायचंच असेल तर आधी रजा काढून महिनाभर कुणाच्या तरी गल्ल्यावर बसू देत. राजीनामा मात्र आत्ता नको.

बहिणीला तूच फोन कर. तुमच्याकडे पैसे आल्यावर आपण मागायला आलो असं दिसेल, या भीतीनेही माणसं गप्प होतात. पैशांचा विषय काढू नकोस. पोरांची चौकशी कर, आणि पूर्वी जायचीस तशी दोन दिवस राहायला जा.