चाळ रिकामी झाली, पागडीची खोलीही गेली का?

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत आमची पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्याने घेतलेली, डबल रूम आहे. जुलैच्या पावसात मागचा जिना आणि दुसऱ्या मजल्याची गॅलरी कोसळली. अग्निशमन दलाने सगळी बिऱ्हाडं खाली उतरवली आणि पालिकेने धोकादायक इमारतीची ३५४ची नोटीस लावली. तेव्हापासून आम्ही डोंबिवलीला नणंदेकडे आहोत. मालक भाडं घेत नाहीत. "इमारतच राहणार नाही, तर भाडेकरू कसले? पाच लाख घ्या आणि सही करा," म्हणतात. काहींनी सह्या केल्याही. पावती अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे आणि विरारचे धाकटे दीर आता हिस्सा मागत आहेत. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, सही करू नका. बाकी सगळं सावकाश निस्तरता येईल, पण खोली सोडल्याचा कागद एकदा लिहून दिलात की तो रद्द करून घ्यायला कोर्टात वर्षं जातात.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ची नोटीस जीव वाचवण्यासाठी असते. तिने तुम्हाला घराबाहेर काढलं आहे, भाडेकरूपण काढून घेतलेलं नाही. मालक म्हणतात तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्याच एका जुन्या निकालाच्या जोरावर पूर्वी टिकायचाही. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 'शहा रतनसी खिमजी अँड सन्स विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल' या प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवला. भाडेपट्टा जमिनीसकट असतो, त्यामुळे इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. त्या प्रकरणातही इमारत पालिकेनेच पाडली होती. या निकालाचं नाव लिहून ठेवा आणि मालकांना पाठवायच्या उत्तरात घाला.

आता सगळ्यात निकडीची गोष्ट. इमारत पाडण्याआधी तुमच्या खोलीचं क्षेत्रफळ सरकारी कागदावर आलं पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांनुसार पाडकामाआधी कोणाच्या ताब्यात किती जागा होती याची नोंद पालिकेने करायची असते. प्रत्यक्षात ही नोंद घाईत होते, कधी मालकाच्या माणसाने दिलेल्या यादीवरून होते, आणि पाच-सात वर्षांनी खोलीतले वीस-तीस फूट गायब झालेले दिसतात. म्हणून वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाला आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मोजणीला स्वतः हजर राहा आणि भाडेकरूंच्या यादीची प्रत मागा. पोटमाळा असेल तर त्याची वेगळी नोंद करायला सांगा. तो हिशेबात धरायचा की नाही हा वाद नंतरचा. मोजणीसाठी मात्र अभियंत्याशिवाय आत पाऊल टाकू नका. फोर्टमधली भानुशाली इमारत २०२० मध्ये अर्धी कोसळली, त्यात माणसं गेली.

मालमत्ता कराच्या बिलात दुरुस्ती उपकर आकारलेला आहे का, तेही पाहा. ३० सप्टेंबर १९६९पूर्वीची तुमची चाळ बहुधा सेस बिल्डिंगच, म्हणजे हा उपकर भरणारी इमारत, निघेल. तसं असेल तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ संक्रमण शिबिरात तात्पुरत्या घराची सोय करतं. अतिधोकादायक सेस इमारतींतल्या रहिवाशांना शिबिराऐवजी महिना २०,००० रुपये भाडं देण्याचा निर्णयही म्हाडाने २०२५ मध्ये जाहीर केला होता. तुमची चाळ त्यात बसते का, ते मंडळाच्या कार्यकारी अभियंत्याला लेखी विचारा. शिबिरातली खोली घेतल्याने गिरगावचा हक्क जात नाही. पण वाटपपत्रावर मूळ चाळ आणि मूळ खोली क्रमांक असल्याशिवाय ती घेऊ नका. तिथे वर्षानुवर्षं अडकलेली कुटुंबं मुंबईत कमी नाहीत, आणि कागद हरवलेल्यांचे हाल सर्वांत वाईट होतात.

भाडं थांबवू नका. ते मनीऑर्डरने पाठवा आणि नाकारून परत आली तर तो कागद जपून ठेवा. पुढे थकबाकीचं कारण काढून दावा झाला तर हाच तुमचा पुरावा.

दिरांचं म्हणाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ७(१५)(ड)नुसार मूळ भाडेकरू वारला की, त्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी येतो. असं कोणी नसेल तरच इतर वारसांचा प्रश्न. सासरे गेले तेव्हा दीर विरारला आणि तुम्ही दोघं चाळीत होता, हे रेशनकार्ड, मतदारयादी आणि बेस्टच्या वीजबिलांवरून सिद्ध होईल. तरीही घरातच समजुतीने मिटलं आणि दिरांनी ना-हरकत लिहून दिली, तर मी त्यालाच पसंती देईन. भावाभावांत दावा लागला की यादीत खोलीपुढे 'वादग्रस्त' असा शेरा पडतो आणि त्याचा फायदा मालकांना होतो.

पाच लाखांचा हिशेबही नीट मांडा. सेस इमारतीचा विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)खाली पुनर्विकास झाला, तर निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मालकीहक्काने, विनामोबदला मिळतं. गिरगावात! सही केलेल्या शेजाऱ्यांनाही हे सांगा. फसवून किंवा दबावाने सही घेतली असेल तर त्यांनी लगेच वकील गाठावा.

एकेकटे भांडू नका. ५१ टक्के भाडेकरू एकत्र आले तर मालकांना टाळाटाळ करणं जड जातं. म्हाडा अधिनियमाच्या कलम ७९-अ नुसार मालकांनी म्हाडाच्या नोटिशीनंतर सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव दिला नाही, तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला ती संधी मिळते. ७९-अच्या या नोटिसा कोणी आणि कशाच्या आधारे काढायच्या, यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कठोर भूमिका घेतली. त्यामुळे पालिकेची ३५४ची नोटीस आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल यांच्या प्रती सोसायटीच्या फाइलमध्ये हव्यातच.

मालक जागा परस्पर कोणाला विकत आहेत किंवा तुमची नावं वगळून प्रस्ताव देत आहेत असं कानावर आलं, तर थांबू नका. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरू असल्याचं जाहीर करून मागण्याचा दावा लावा आणि त्यातच मनाईहुकमाचा अर्जही करा. वकिलाकडे जाताना सर्वांत जुनी भाडेपावती, सासऱ्यांचा मृत्यूदाखला आणि नोटिशीचा फोटो बरोबर न्या.